सात किलोंची पिशवी आणि बाबांचा किल्ला

“मॅडम, सगळं मिळून सात किलो. कपडे, साबण, कॅमेरा, सगळं त्यातच. आणि चाकांची बॅग आणलीत तर ती धक्क्यावरच राहील.”

कप्तानांनी फोनवर एवढंच सांगितलं. “गुरुवारी सकाळी सातला गेटवेला या,” म्हणाले आणि फोन ठेवला.

जानेवारी २०२४ मधली ही गोष्ट. व्यापारी जहाजांवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले हे कप्तान आपली ३८ फुटी शिडाची बोट मुंबईहून गोव्याला नेणार होते. पाच दिवस, वाटेत चार मुक्काम, जवळजवळ सव्वादोनशे सागरी मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास. बोटीवर एक जागा रिकामी होती आणि आमच्या संपादकांना पर्यटन विशेषांकासाठी लेख हवा होता. नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, तेव्हापासून अशी एक तरी सफर करावी हे माझ्या मनात होतंच. मी मागचापुढचा विचार न करता ‘हो’ म्हणून बसले.

मग कळलं की फोटोही मलाच काढायचे आहेत. आमच्या विभागातला फोटोग्राफर मित्र बोटीचं नाव काढलं तरी पांढराफटक पडतो. मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा तो डोळे मिटून बसतो. त्याने मोठ्या उदारपणे ऑफिसचं कपाट उघडून दिलं. “काय हवं ते ने. फक्त मला नेऊ नकोस.”

वाचकहो, हवं ते न्यायला मिळणं ही केवढी मोठी अडचण असते, हे मला त्या आठवड्यात समजलं.

बाबांची मागणी

आमचं मूळ गाव विजयदुर्गाजवळचं. बाबा लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायचे. ती बोट किनाऱ्याला लागत नसे. बंदराबाहेर उभी राहायची आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला यायचे. ट्रंका, फणस, रडणारी मुलं, ओरडणारे खलाशी हे वर्णन आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकलंय की ती बोट आम्ही पाहिलेली नाही हे कधीकधी खरंच वाटत नाही. ती बोट सेवा बंद होऊनही आता कित्येक वर्षं झाली.

या सगळ्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. नोकरीला लागल्यावर बाबांनी ‘आग्फा क्लिक थ्री’ घेतला होता. एका रोलवर १२ चौकोनी फोटो काढणारा तो काळा कॅमेरा अजून आमच्या माळ्यावर आहे. पण बोटीच्या प्रवासात तो त्यांनी एकदाही नेला नाही. “पडावात उतरताना पाण्यात पडला असता म्हणजे?” एवढंच त्यांचं कारण. कॅमेरा वाचला. फोटो मात्र निघाला नाही.

गेली काही वर्षं बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की या दुखण्यात बहुधा नजर कडेकडेने कमी होत येते. गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली टिकावी म्हणून थेंब नेमाने घालायचे. बाबा थेंब कधी चुकवत नाहीत. तरीही दरवर्षी त्यांचं जग बाजूबाजूने थोडं थोडं आत सरकतंय, हे आम्हाला दिसतं. दारातून जाताना खांदा आपटतो. ताटाच्या डावीकडची चटणी राहून जाते.

मी गोव्याला शिडाच्या बोटीने निघालेय हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “विजयदुर्गावरून जाणार ना? मग एक काम कर. समुद्रातून किल्ला कसा दिसतो त्याचा एक फोटो आण. जमिनीवरून सगळेच काढतात. समुद्रातून. आम्ही यायचो ना, तसा.”

“आणते की,” मी म्हटलं, आणि मनात लगेच हिशेब मांडला. बाबांना कमी दिसतं, तेव्हा फोटो मोठा हवा. चांगला दोन फूट बाय तीन फूट करून समोरच्या भिंतीवर लावायचा. एवढा मोठा फोटो स्वच्छ छापायचा तर ३५ मेगापिक्सेलच्या आसपास तरी पाहिजेत. ऑफिसच्या कपाटात ४५ मेगापिक्सेलचा एक दणकट कॅमेरा होता. तोच न्यायचा, मग बाकी काही राहिलं तरी चालेल!

पलंगावरचं दुकान

बुधवारी संध्याकाळी पलंगावर सगळं मांडलं. मोठा कॅमेरा, त्याची २४ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, एक रुंद कोनाची लेन्स, दुर्बिणीसारखी लांबलचक ७० ते २००ची लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, फिल्टर, बॅटऱ्या. आई दारात उभी राहून म्हणाली, “अगं, लग्नाची ऑर्डर आहे की काय?”

वजनकाट्यावर ठेवलं तर नुसता कॅमेऱ्याचा पसाराच सहा किलोंच्या वर गेला. म्हणजे पाच दिवसांचे कपडे एक किलोत बसवायचे!

अशा वेळी मला फ्रँक हर्ली आठवतो. शॅकल्टनच्या १९१४ मध्ये निघालेल्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरचा हा छायाचित्रकार. त्यांचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात अडकलं आणि चिरडलं गेलं. काचेवरच्या निगेटिव्ह असलेले डबे जहाजाच्या पाण्याने भरलेल्या भागात राहिले होते. त्या गोठवणाऱ्या पाण्यात उतरून हर्लीने ते बाहेर काढले. पण पुढे छोट्या होड्यांतून जायचं होतं, वजन परवडणारं नव्हतं. मग बर्फावर बसून त्याने आणि शॅकल्टनने एकेक काच पाहिली. १२०च्या आसपास ठेवल्या आणि सुमारे ४०० तिथेच फोडल्या. मागाहून मन बदलू नये म्हणून फोडल्या! मोठे कॅमेरेही टाकले. जवळ उरला एक खिशात मावणारा कोडॅक आणि तीन रोल. एलिफंट बेटावरचे सगळे फोटो त्या खिशातल्या कॅमेऱ्याने काढलेले आहेत.

त्याच्यापुढे माझा त्याग तो काय! मी एकेक वस्तू उचलायला लागले.

पहिला गेला ट्रायपॉड. जमिनीवर तो कॅमेऱ्याला स्थिर ठेवतो, पण बोटीवर जमीनच हलते. तिथे तो नुसता पायात येणार. लाटांवर फोटो हलू नये म्हणून भरवसा ठेवायचा तो शटरच्या वेगावर. सेकंदाचा पाचशेवा भाग तरी हवा, शक्यतो हजारावा. समुद्रावर ऊन भरपूर असल्याने ते सहज जमतं.

मग फ्लॅश गेला. त्यानंतर लांब लेन्स. ती उचलताना जीव थोडा खाली-वर झाला, कारण डॉल्फिन दिसले तर? पण एकटी तीच दीड किलोची. शिवाय ३८ फुटांच्या बोटीवर माणसं आपल्यापासून जेमतेम हातभर ते दोन-तीन मीटर अंतरावर असतात. ज्या प्रवासाची गोष्ट सांगायची ती याच अंतरात घडते. सुकाणूवरचा हात, दोर ओढताना ताणलेला खांदा, चुलीवर डुलणारी चहाची किटली हे सगळं २४ ते १०५ मध्ये नीट मावतं. रुंद लेन्सही त्याच न्यायाने कपाटात परत गेली. एकच लेन्स नेण्याचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे ती बदलावी लागत नाही. उघड्या समुद्रावर लेन्स काढायची म्हणजे कॅमेऱ्याचं पोट खाऱ्या हवेत उघडं टाकायचं. ज्यांना दोन लेन्स नेल्यावाचून चैनच पडत नाही, त्यांनी त्या निदान खालच्या केबिनमध्ये जाऊन बदलाव्यात.

ऑफिसातल्या एका उत्साही मुलाने ड्रोन नेण्याचा सल्ला दिला होता. कप्तानांना विचारलं तेव्हा ते हसले. “उडेल हो. पण डुलणाऱ्या, पुढे पळणाऱ्या बोटीवर परत उतरवणार कोण?” शिवाय मुंबईच्या समुद्रावर विमानतळ, नौदल यांच्या परवानग्यांच्या भानगडी. तो विषय तिथेच संपला.

फिल्टर दोन ठेवले. एक साधा पारदर्शक, नुसता लेन्सच्या पुढच्या काचेवर मीठ बसू नये म्हणून. दुसरा पोलरायझर; तो पाण्यावरची चकाकी कापतो आणि खालचा हिरवा रंग दाखवतो. मात्र तो लावला की कॅमेऱ्यात येणारा प्रकाश निम्म्याहून कमी होतो. आणि त्याच जातीचा गॉगल डोळ्यांवर असेल तर कॅमेऱ्याचा पडदा एका बाजूने धरल्यावर काळाठिक्कर दिसतो. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरून जाऊ नये, गॉगल काढून पाहावा.

बॅटऱ्या चार घेतल्या. बोटीवर वीज १२ व्होल्टची आणि मोजकी. “ती आधी दिव्यांना, मग रेडिओला, आणि उरली तर तुमच्या कॅमेऱ्याला,” असा कप्तानांचा कायदा. म्हणून २०,००० मिलिअँपिअर-तासांची एक पॉवर बँकही घेतली. गोव्याहून मी विमानाने परतणार होते. ही पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे विमान कंपन्यांच्या नेहमीच्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत. फक्त ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. कार्डं मुद्दाम ६४ जीबीची चार घेतली. २५६ जीबीचं एकच मोठं कार्ड गेलं तर सगळा प्रवासच जातो. सोबत फोटो उतरवून ठेवायला एक काडेपेटीएवढी हार्ड डिस्क. कार्डं एका पिशवीत, डिस्क दुसऱ्या.

शेवटी मित्राने एक जुना, पाण्यात बुडाला तरी चालणारा छोटा कॅमेरा पुढे केला. १२ मेगापिक्सेलचा, साबणाच्या वडीएवढा. “हा कशाला?” मी म्हटलं. “मोठा आहे ना!” तो म्हणाला, “अगं घे, खिशात मावतो.” त्याच्या मनाला वाईट वाटू नये म्हणून घेतला.

मीठ

समुद्रावर कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाणी नव्हे, मीठ. हे मी वाचून शिकलेले नाही.

माझा पत्रकारितेचा डिप्लोमा झाला तेव्हा बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून मला एक कॅमेरा घेऊन दिला होता. २०१७ मध्ये आम्ही दोघं मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर निघालो होतो. एक लाट होडीच्या कडेवर फुटली आणि कॅमेरा भिजला. मी खिशातला रुमाल काढून तो खसाखसा पुसला आणि चालतोय ना म्हणून लगेच बटण दाबून पाहिलं. दोन्ही चुका. वाळत आलेल्या मिठाचे कण काचेवर घासले गेले आणि लेन्सवर कायमचे ओरखडे उठले. आणि ओला कॅमेरा चालू केल्याने आतलं सर्किट गेलं. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला तेव्हा आत हिरवी पूड धरली होती. बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता पद्धत माहीत आहे. खारं पाणी उडालं तर आधी कॅमेरा बंद करायचा. मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि टिपून टिपून मीठ काढायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. लेन्सवर आधी रबरी फुग्याने हवा मारायची आणि मगच हात लावायचा. ‘पाण्यापासून संरक्षित’ असं लिहिलेला महागडा कॅमेरासुद्धा शिंतोड्यांपुरता संरक्षित असतो, बुडवण्यापुरता नव्हे. मोबाइलवरच्या खात्रीच्या आकड्यांचंही तसंच. त्या चाचण्या गोड्या पाण्यात झालेल्या असतात, समुद्राच्या नव्हे.

पिशवीसाठी तोंड गुंडाळून बंद करायची रबरी पिशवी घेतली. तिच्या तोंडाला निदान तीन वळसे द्यावे लागतात. एक-दोन दिले तर पाणी आत येतं. पिशवीच्या आत कॅमेऱ्याला डबा हवा होता. पेटीसारखे कडक खोके बोटीवर ठेवायला जागा नसते आणि ते घरंगळून माणसांच्या नडग्या फोडतात. म्हणून स्वयंपाकघरात शोधाशोध केली. झाकणाला रबरी कडा आणि चारी बाजूंना खटके असलेला हवाबंद डबा सापडला. त्यात भाजणी होती.

“माझा डबा परत आणणार असशील तर ने,” आई म्हणाली. भाजणी दुसरीकडे गेली, कॅमेरा एका जुन्या मऊ ओढणीत गुंडाळून आत बसला. आईने कौतुकाने औषधांच्या बाटल्यांतल्या आणि पर्समधल्या दमटपणा शोषणाऱ्या पुड्याही काढून दिल्या. तिने त्या वर्षानुवर्षं साठवल्या होत्या. पण तशा पुड्या कधीच हवा पिऊन बसलेल्या असतात, त्यांचा उपयोग नसतो. ओल धरली की ज्यातले मणी रंग बदलतात अशा चार नव्या पुड्या मी बाजारातून आणल्या. आईच्या पुड्याही घेतल्या, तिला न सांगता कपाटात ठेवल्या.

काट्यावर पिशवी पावणेसात किलो भरली. उरलेल्या पाव किलोत आलेपाक बसला.

एक हात बोटीचा

आलेपाक पहिल्याच दिवशी कामी आला. कॅमेऱ्याला डोळा लावला की क्षितिज नजरेआड होतं आणि पोट ढवळायला लागतं. गोळी निघण्याआधी तासभर घेतली होती तरी अलिबागच्या पुढे मी गारद झाले. कप्तानांनी मला सुकाणूजवळ बसवलं. “लांब बघा. दहा मिनिटं कॅमेरा नको.” बरं वाटल्यावर त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला म्हणजे एक हात नेहमी बोटीचा, एकच हात तुमचा. दुसरा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालायचा नाही. दोर गुंडाळायच्या चाकात तो अडकला तर मान ओढली जाते. शिडाच्या तळाशी एक आडवी दांडी असते, तिला ‘बूम’ म्हणतात. वारा फिरला की ती या बाजूची त्या बाजूला सपकन येते. डोळा कॅमेऱ्यात असलेल्या माणसाला ती दिसत नाही. म्हणून फोटो बसून काढायचे, आणि जाकिटाचा दोर बोटीला अडकवूनच.

शाळेत भूगोलात पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे भेटले. पहाटे जमिनीवरून येणारी मतलई हळुवार असते. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि बोट कलती होऊन पळू लागते. कोकणात समुद्रावरून किनारा टिपायचा तर दुपारनंतरच. सकाळी सूर्य डोंगरांच्या मागे असतो, त्यामुळे किनाऱ्याची नुसती काळी रेघ दिसते. कलत्या दिवसाचं ऊन मात्र समोरून किनाऱ्यावर पडतं.

पहिला मुक्काम राजपुरीच्या खाडीत, दुसरा जयगडला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला जयगड सोडलं. दिवसभर मोठ्या कॅमेऱ्याने मनासारखे फोटो मिळाले. पांढऱ्या शिडामुळे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतात, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यायचा, हेही हाताला बसलं. रोज संध्याकाळी फडकं पिळून कॅमेरा टिपत होते. कॅमेऱ्याला आणि ओढणीला भाजणीचा वास येत होता.

साडेचारच्या सुमाराला लांबवर विजयदुर्ग दिसला. मी खाली जाऊन कार्ड बदललं, बॅटरी बदलली, लेन्स पुसली. याच फोटोसाठी एवढं वजन वाहिलं होतं. वर येईपर्यंत वारा वाढला होता. बोट इतकी कलली होती की एका बाजूचा कठडा पाण्याला लागत होता, आणि शिंतोड्यांनी डेक चिंब झालं होतं.

“मॅडम, शीड उतरवायचंय! या इकडे. हा दोर धरा. सांगितल्याशिवाय सोडायचा नाही.”

खाडीच्या तोंडाशी जायच्या आत शीड उतरवणं भाग होतं. बोटीवर माणसं पाचच आणि प्रत्येकाच्या हाताला काम. मी एकदा हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा किल्ल्याकडे. सगळा तट उन्हाने पिवळाधमक झाला होता. बाबा म्हणाले होते तसा, समुद्रातून, आणि आणखी पंधरा मिनिटांत आम्ही तो ओलांडून आत वळणार होतो.

मी कॅमेरा डब्यात टाकला, खटके लावले आणि दोर धरला.

खरं सांगते, त्या वेळी मला रडू येत होतं. तळहाताला दोर काचत होता. आमचा खलाशी डोलकाठीपाशी शिडाशी झटत होता आणि किल्ला माझ्या डोळ्यांसमोरून सरकत चालला होता. मग जाकिटाच्या खिशात काहीतरी टोचलं. साबणाची वडी! दोर उजव्या हाताला दोन वेढे देऊन धरला आणि डाव्या हाताने तो छोटा कॅमेरा काढून, न पाहताच, तीन वेळा बटण दाबलं. तेवढ्यात कप्तान ओरडले, “मॅडम, दोर!” कॅमेरा परत खिशात.

शीड उतरलं, इंजिन सुरू झालं, आम्ही खाडीत शिरून नांगर टाकला. मी धावत मोठा कॅमेरा काढला. पण आता आम्ही किल्ल्याच्या आतल्या बाजूला होतो आणि सूर्य किल्ल्याच्या मागे. समोर नुसती काळी आकृती. दिसायला सुंदर होती, तिचे साठ-सत्तर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलो तेव्हा समुद्राकडून पाहिलं, तर सूर्य पलीकडे आणि किल्ला पुन्हा काळाच.

छोट्या कॅमेऱ्यातल्या तीन फोटोंपैकी पहिल्यात बूमची सावली होती. दुसऱ्यात खलाशाचं कोपर. तिसऱ्यात किल्ला होता, पूर्ण तटासकट. पण क्षितिज चांगलंच तिरकं, आणि कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब पसरलेला.

मावेल एवढा

डोंबिवलीला घरी पोचले त्या रात्री तो फोटो मी टीव्हीवर लावला. ४३ इंची पडदा. बाबा खुर्ची ओढून पुढे बसले. मान डावीकडून उजवीकडे फिरवू लागले. एकदा, दोनदा. चेहऱ्यावर काही उमटेना.

“काय झालं? नीट नाही आला ना?” मी म्हटलं. “दोर धरायचा होता हो, बाबा. मोठ्या कॅमेऱ्याने काढला असता तर...”

“तसं नाही गो. तुकडे तुकडे दिसतात. भिंत बघायला जातो तर पाणी जातं. पाणी बघायला जातो तर भिंत जाते.” मग म्हणाले, “एवढा मोठा कशाला केलास? लहान कर. डोळ्यात मावेल एवढा कर.”

मी गप्पच झाले. कडेने नजर गेलेल्या माणसाला मधल्या फटीतून दिसतं. फोटो जितका मोठा, तितका तो फटीबाहेर जातो. इतकी वर्षं मी त्यांना दारात खांदा आपटताना पाहत होते, पण एवढा साधा विचार मला सुचला नव्हता. दोन फूट बाय तीन फुटांचा फोटो भिंतीवर लावला असता तर तो सगळ्या घराला दिसला असता. ज्यांच्यासाठी आणला त्यांना मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढा फोटो छापून आणला. चार बाय सहा इंच. एवढ्या आकाराला दोन मेगापिक्सेल पुरतात. पुढे केव्हा वजनकाट्यापाशी बसले की मला हे गणित आठवेल.

बाबांनी तो हात लांब करून धरला. थोडा जवळ घेतला, पुन्हा लांब नेला. मग हात एका जागी थांबला.

“हां. हा आला सगळा,” ते म्हणाले. “हा बुरूज. ह्याच्या पलीकडून पडाव यायचे. आई मला कमरेला घट्ट धरून ठेवायची.”

बराच वेळ ते पाहत राहिले. मी म्हटलं, “क्षितिज तिरकं आलंय. कॉम्प्युटरवर एका मिनिटात सरळ करून देते.”

“नको,” बाबा म्हणाले. “बोटीतून असाच दिसायचा. वाकडाच.”

आमच्या विशेषांकात मोठ्या कॅमेऱ्याचे सहा फोटो छापून आले. चांगले आले, सगळ्यांनी वाखाणले. कोणी समुद्रावर कॅमेरा नेणार असेल तर मी अजूनही हेच सांगेन की एक लेन्स न्या, गोड्या पाण्याचं फडकं न्या, आणि आईचा डबा न्या. फक्त पिशवी भरायला बसण्याआधी, ज्याच्यासाठी फोटो काढायचा आहे त्याला एकदा विचारा, तो कसा आणि केवढा हवा आहे. मी विचारलं असतं तर माझी पिशवी निदान दीड किलोने हलकी झाली असती.

तो फोटो आता बाबांच्या चष्म्याच्या घरात असतो, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीशेजारी. थेंब घालून झाले की पाच मिनिटं डोळे मिटून बसतात, आणि डोळे उघडले की आधी तो काढून पाहतात. आईचा डबा मात्र अजून माझ्याकडेच आहे. कितीही धुतला तरी भाजणीचा वास जात नाही.